फोटोखाली नाव टाकू की!

आधी एक कबुली देऊन टाकतो. माझ्याकडे ७०-२००ची एफ २.८ लेन्स आहे. वजन दीड किलोच्या आसपास, आणि किंमत बायकोला अजून पूर्ण सांगितलेली नाही. मागच्या दिवाळीच्या बोनसचा मोठा हिस्सा तिच्यात गेला. घेतल्यापासून तिनं टिपलं काय? तर सोसायटीतली मांजरं, सिंहगडावरचं धुकं, पुतणीचं बारसं आणि ऑफिसच्या क्रिकेट टूर्नामेंटमधे पहिल्याच बॉलला उडालेली आमच्या डिलिव्हरी हेडची दांडी. (हा शेवटचा फोटो मी कुणालाच पाठवला नाही. अप्रेझल जवळ आलं होतं.)

तर असा हा गडी दोन महिन्यांपूर्वी स्पोर्ट्स फोटोग्राफीच्या दोन दिवसांच्या वर्कशॉपला गेला. फी साडेसहा हजार, दुपारचं जेवण धरून. शनिवारी पुण्यातल्या एका शाळेच्या हॉलमधे वर्ग, रविवारी प्रत्यक्ष मैदानावर. शिकवणारे गृहस्थ तीसेक वर्षं वर्तमानपत्रासाठी खेळाचे फोटो काढून निवृत्त झालेले. सगळे त्यांना काका म्हणत होते, म्हणून मीही म्हणतो.

आम्ही अठरा जण होतो. ओळखपरेड सुरू झाली. मी टेस्टिंगमधे, मी क्लाउडमधे, मी सॅपमधे... सातव्या माणसाला काकांनी हात करून थांबवलं आणि विचारलं, "मंडळी, आयटी सोडून कुणी आहे का?" पाच हात वर आले. एक दातांची डॉक्टर, बँकेतून निवृत्त झालेले एक काका (हे दुसरे काका), दोन कॉलेजची पोरं, आणि एक फलटणकडचा मुलगा, आता हडपसरला राहणारा. लग्नं, गॅदरिंग, स्पर्धा, जे मिळेल ते काम करणारा. म्हणजे आमच्या अख्ख्या बॅचमधे कॅमेऱ्यावर पोट असलेला हा एकटा. आणि सगळ्यात जुना कॅमेराही त्याचाच. शटरच्या बटणाजवळचं रबर निघून तिथे इन्सुलेशन टेप लावलेली.

मला वाटलं होतं सेटिंग्ज शिकवतील. पहिला तासभर काकांनी कॅमेऱ्याला हात लावू दिला नाही. पडद्यावर एक फोटो लावला. तुम्हीही पाहिलेला असणार: खाली पडलेला सॉनी लिस्टन आणि त्याच्यावर ओरडत उभा मुहम्मद अली. २५ मे १९६५, अमेरिकेतल्या मेन राज्यातलं लुइस्टन गाव. काढणारा नील लायफर तेव्हा २२ वर्षांचा होता. पहिल्याच राउंडला लिस्टन आडवा झाला, तो नेमका लायफरच्या पुढ्यात. रिंगवर टांगलेले फ्लॅश पुन्हा चार्ज व्हायला वेळ लागायचा, त्यामुळे दुसरा चान्स नव्हताच.

"आता अलीच्या पायांच्या मधून बघा," काका म्हणाले. पलीकडे रिंगच्या कडेला टक्कल पडलेला एक माणूस कॅमेरा घेऊन बसलेला दिसतो. तो हर्ब शार्फमन. त्याच 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'चा फोटोग्राफर, लायफरला सीनियर. त्याला त्या क्षणी दिसत होती अलीची पाठ. मॅच तीच, मासिक तेच, क्षण तोच, फक्त बसायची जागा वेगळी. मी तो फोटो आयुष्यात शंभर वेळा पाहिला असेन. तो टकलू मला एकदाही दिसला नव्हता.

मग काकांनी फळ्यावर कबड्डीचं मैदान काढलं. पुरुषांचं १३ बाय १०, बायकांचं १२ बाय ८ मीटर. चढाई करणारा ३० सेकंदांसाठी पलीकडे जातो. जाताना त्याचं तोंड विरोधी संघाच्या अंतिम रेषेकडे असतं. म्हणजे चेहरा हवा असेल तर तुम्ही त्या टोकाला बसायचं. पण पकड झाली की तोच गडी उलटा फिरतो आणि मध्यरेषेकडे हात ताणतो. तेव्हा अंतिम रेषेमागे बसलेल्याला दिसतात पाच जणींच्या पाठी आणि एक टाच. म्हणजे बसायच्या आधीच ठरवायचं, जातानाचा डाव हवा की परततानाचा. दोन्ही मिळणार नाहीत. "दोन्ही पाहिजेत म्हणून जो पळत सुटतो, त्याला पंच हाकलतात. आणि ते बरोबर करतात," इति काका.

दुपारचं सेशन आम्हा तेरा जणांसाठी मेजवानी होती. विषय: मैदानावरचे दिवे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे हॅलाइड दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. डोळ्याला कळत नाही. पण तुम्ही १/१००० ला फोटो काढता, तेव्हा त्या चढउतारातला एक छोटासा तुकडा तुमच्या हाती लागतो. एक फ्रेम लख्ख, पुढची पिवळी, तिसरी अर्धी काळी. शटर १/१०० वर आणा, उजेड सारखा होतो, पण खेळाडूचं भूत होतं. मग कॅमेऱ्यातला अँटी-फ्लिकर लावायचा. तो उजेडाच्या शिखराची वाट बघून शटर सोडतो, थोडा वेग जातो. अरे, हा तर सरळसरळ सिंक्रोनायझेशनचा प्रॉब्लेम! माझ्या शेजारच्या क्लाउडवाल्याने तर वहीत टायमिंग डायग्राम काढली. आणि १/१००० म्हणजे किती? १९८४ला लॉस एंजेलिसमधे पी. टी. उषाचं ब्राँझ सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं. ५५.४२ आणि ५५.४१. त्या फरकात असली दहा एक्स्पोजर्स मावतात.

बर्स्ट मोडवर काकांचा राग होता. मशीनगन म्हणतात ते त्याला. २०२३मधे सेकंदाला १२० फोटो काढणारा कॅमेरा आला, त्याला हसले. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमधला ताहितीच्या समुद्रातला तो सर्फर, गॅब्रिएल मेदिना, बोट वर करून हवेत उभा? जेरोम ब्रुइये नावाच्या फोटोग्राफरने बोटीतून काढला, आणि त्या लाटेवर मोजून चार फ्रेम काढल्या होत्या, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मला हे पूर्ण पटत नाही. ३६ फोटोंच्या रोलवर वाढलेल्या माणसाची ही थोडी ऐट आहे. लायफरला १२० फ्रेम मिळाल्या असत्या तर त्याने नको म्हटलं असतं का? असो.

रविवारी संध्याकाळी मैदान. एका मंडळाची तीन दिवसांची कबड्डी स्पर्धा, शेवटचा दिवस. मॅट, फ्लडलाइट, एलईडी स्क्रीन, दोन्ही बाजूला कमानी, आणि स्पीकर एवढे की छातीत धडधड व्हावी. आम्ही अठरा जण गळ्यात पास अडकवून मैदानाभोवती पसरलो. लायफरच व्हायला आलो होतो सगळे.

पहिला तास माझं काहीही जमलं नाही. फोकस पंचांच्या पँटवर. मी वैतागून जागा बदलत होतो, तेवढ्यात तो फलटणचा मुलगा मागून हळूच म्हणाला, "दादा, मध्यरेषेच्या अलीकडे त्या कोपऱ्यात बसा. खाली, मांडी घालून. पाच नंबरची पोरगी परतताना कायम त्याच कोपऱ्याकडं येते." मी म्हटलं, "मग तू का नाही बसत?" तर म्हणाला, "माझ्याकडं आहे ती फ्रेम." आणि पलीकडे निघून गेला.

मी बसलो. तिसऱ्या चढाईत पाच नंबरचा घोटा सापडला. एकीने कंबर धरली, दुसरी वर पडली. आणि ती तशीच, तीन जणींना ओढत, हात ताणून माझ्या दिशेने आली. बोटं मध्यरेषेपासून वीतभर. दात आवळलेले, कपाळावर मॅटचा घासा, केसांचा एक पट्टा तोंडात. एकशे चाळीस एमएम, १/१०००, आयएसओ ५०००. स्क्रीनवर बघितलं आणि माझे हात थरथरायला लागले. पंधरा वर्षं कोड लिहितोय, पण प्रॉडक्शनला काहीही गेल्यावर असं कधी झालेलं नाही. (झालं असेल तर वेगळ्या कारणाने.)

सामने संपल्यावर कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले एक आयोजक आले. सगळ्यांना चहा दिला, पाठीवर थाप मारली. म्हणाले, "साहेब, रात्री फोटो ग्रुपवर टाका तेवढे. प्रत्येकाच्या फोटोखाली नाव टाकू की!" आम्ही इतके खूष, जणू पुलित्झर जाहीर झालं. मी रात्री दोनपर्यंत जागून १६० फोटो साफसूफ केले, उजेड सारखा केला, आणि फुल साइजमधे पाठवून दिले. सोमवारच्या स्टँडअपमधे डोळे उघडत नव्हते, पण तोंडावर हसू होतं.

दहा-बारा दिवसांनी ऑफिसला जाताना चौकात सिग्नलला थांबलो तर समोर फ्लेक्स. कुणातरी युवा नेत्याचा वाढदिवस. वर आठ चेहरे, मध्ये गॉगलवाला मोठा चेहरा, कोपऱ्यात एका बिल्डरची नवी स्कीम, आणि मागे माझा फोटो. ती ताणलेली बोटं, ती कपाळावरची जखम. तिचे डोळे मात्र नव्हते, तिथे 'हार्दिक शुभेच्छा' आलं होतं. माझं नाव नव्हतं. तिचंही नव्हतं.

मी चिडलो. त्या फलटणच्या मुलाला फोन लावला, कारण ह्या प्रकारात काय करतात हे त्यालाच माहीत असणार. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दादा, वाईट वाटून घेऊ नका, पण त्या स्पर्धेचं काम दोन वर्षं माझ्याकडं होतं. दिवसाचे तीन हजार. तीन दिवसांचे नऊ. यंदा म्हणाले, रविवारी वर्कशॉपचे अठरा जण येणारेत, मोठमोठे कॅमेरे घेऊन. बाकीचे दोन दिवस पोरांनी मोबाईलवर भागवलं."

"मग तू वर्कशॉपला का आलास?"

"म्हटलं, बघावं तरी तुम्ही लोक काय वेगळं करता."

म्हणजे ज्या मैदानावर त्याला नऊ हजार मिळायचे, तिथे तो ह्या वर्षी स्वतःच्या खिशातले साडेसहा हजार भरून आला होता (दोन हप्त्यांत भरले, हे काकांकडून नंतर कळलं). आणि वर मला जागा दाखवून गेला. माझ्या त्या ग्रेट फोटोच्या मागे, पलीकडच्या कडेला, आऊट ऑफ फोकस तो दिसतोसुद्धा. मी झूम करून बघितलं.

काकांना फोन केला. मैदान मिळावं म्हणून त्यांनी आयोजकांशी बोलणं केलं होतं, पण आपल्यामुळे कुणाचं काम जातंय हे त्यांना ठाऊक नव्हतं. थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "विचारायला हवं होतं मी. तीस वर्षं ह्याच धंद्यात काढली, मला सुचायला हवं होतं." माझा राग तिथेच अर्धा झाला, कारण सुचायला तर मलाही हवं होतं. मी विचार केला होता फक्त आयएसओचा.

मित्रांशी ह्यावर वाद घातला तेव्हा पहिला मुद्दा ठरलेला आला: ओपन सोर्स. आपण नाही का फुकट कोड देत? त्यावर अख्खं जग चालतं. मलाही आधी हेच वाटलं होतं. पण नीट बघा. ओपन सोर्समधे फुकट देणारा बहुतेक वेळा त्याच धंद्यातला असतो. त्याचं नाव होतं, त्यातून नोकरी मिळते, आणि लायसन्स तो स्वतः लिहितो, काय करायचं आणि काय नाही ते. इथे मी दुसऱ्याच्या धंद्यात जाऊन फुकट दिलं. माझा हप्ता भरतंय कोण, तर माझी कंपनी. आणि लायसन्स? 'ग्रुपवर टाका तेवढे'.

कायद्याची गंमत अजून वेगळी. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, तुम्ही कुणाकडून पैसे घेऊन त्याच्या सांगण्यावरून फोटो काढला आणि वेगळा करार केला नाही, तर पहिला मालक पैसे देणारा. मी पैसे घेतले नव्हते, म्हणजे फोटो माझाच. आणि २०१२च्या दुरुस्तीनंतर तो हक्क माझ्या आयुष्यभर, अधिक मेल्यानंतर ६० वर्षं. नातवंडांनी त्या फ्लेक्सवर दावा लावावा इतका भक्कम. प्रत्यक्षात काय, तर फ्लेक्स पहिल्या वळवात फाटला आणि फोटो त्यांच्या फोनमधे आहे, पुढच्या वाढदिवसासाठी.

दुसरा मुद्दा: अशा स्पर्धांकडे पैसेच नसतात हो. खरंच? मांडववाल्याला दिले. स्पीकरवाल्याला दिले. एलईडी स्क्रीनचं भाडं दिलं. पाहुण्यांच्या शाली, श्रीफळं, सात फुटी ट्रॉफी, सगळ्याला पैसे होते. मांडववाल्याला कुणी म्हणत नाही की 'मांडवावर तुझं नाव टाकू, पैसे राहू दे'. नाव त्याचं असतंच, मोठ्या अक्षरात, फोन नंबरसकट, आणि वर पैसेही मिळतात. जिथे खरोखर पैसे नसतात अशाही जागा आहेत, नाही असं नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेची खो-खोची टीम घ्या. तिथे मी आनंदाने फुकट जाईन. पण जिथे बिल्डरचा लोगो आहे तिथे बजेट नाही हे ऐकून घ्यायचं नाही, एवढं मला कळायला हवं होतं.

तिसरा मुद्दा एका मॅनेजर मित्राचा: मार्केट आहे, टिकेल तो टिकेल. आता गंमत बघा, हाच मित्र आमच्या कँटीनमधे बसून 'मशीन फुकटात कोड लिहितंय, आपलं काय होणार' म्हणून गळा काढतो. शून्य किंमतीशी स्पर्धा कशी करायची असते हे त्याने आधी स्वतः करून दाखवावं. तो मुलगा माझ्यापेक्षा वाईट फोटो काढतो म्हणून मागे पडला असता तर माझी काही तक्रार नव्हती. पण तो चांगलाच काढतो. कुठे बसायचं हे त्याला माहीत आहे, मला नाही.

ह्या धंद्याची वाट काही आम्ही हौशी लोकांनीच लावली असंही नाही, उगाच सगळं पाप अंगावर घेत नाही. ज्या 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'च्या लायफरचा फोटो बघून आमचा शनिवार सुरू झाला, त्या मासिकाने जानेवारी २०१५मधे पगारावरचे उरलेसुरले सहा फोटोग्राफर एकदम काढून टाकले. तिथे पुण्याचे आयटीवाले गेले नव्हते. वाचक आणि जाहिराती छापील मासिकातून निघून गेल्या की हे असंच होतं. आणि मोठ्यांना भांडता तरी येतं. २०१२ला इंग्लंडच्या भारत दौऱ्यात बीसीसीआयने गेटीसारख्या फोटो एजन्सींना मैदानात यायला नकार दिला, तेव्हा रॉयटर्स, एपी, एएफपी ह्या तिघींनी निषेध म्हणून स्वतःचंही वार्तांकन थांबवलं. हडपसरच्या एकट्या पोरासाठी कोण थांबणार? अठरा जणांतले आम्ही सतरा थांबू शकलो असतो. आम्ही रांगेत उभे राहून पास घेतले.

मग मी काय केलं? फार काही नाही. त्या आयोजकांना फोन केला. ते मोकळेपणाने हसले, म्हणाले, "अहो साहेब, पुढच्या वेळी नाव मोठं टाकू!" मी म्हटलं, नाव नको, दिवसाचे तीन हजार लागतील, आणि मी येणार नाही, हा नंबर घ्या, हा येईल. मेसेजही पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर अजून नाही.

वर्कशॉपच्या ग्रुपवर लिहिलं की ज्या स्पर्धेला स्पॉन्सर आहे तिथे फुकट फोटो द्यायचे नाहीत, खेळाडूंना मात्र थेट द्यायचे, हवे तेवढे. त्यावर अकरा अंगठे आले, दोघांनी 'हॉबीला हॉबी राहू द्या ना' म्हटलं, एक जण ग्रुप सोडून गेला. दातांच्या डॉक्टरने मात्र लिहिलं की गावाकडच्या फुकट शिबिरांनी तिथल्या नव्या डॉक्टरचं काय होतं, हे तिने जवळून बघितलंय. ह्यावर तिच्याशी एकदा बसून बोलायचंय.

पाच नंबरचा पत्ता तिच्या कोचकडून लागला. तिला अख्खी फ्रेम पाठवली, डोळ्यांसकट. तिने विचारलं, "सर, किती द्यायचे?" मला एवढं ओशाळल्यासारखं झालं की काय सांगू. म्हटलं, काही नाही, घरी लाव. तिने उलट विचारलं, "त्या चढाईत मी आऊट होते ना? तो नको. गुण मिळालेला एखादा आहे का?" नव्हता. गुण मिळाले त्या सगळ्या चढायांत मी पंचांच्या पँटवर फोकस करत होतो. तिला त्या मुलाचा नंबर दिला, गेल्या वर्षीचे त्याच्याकडे असतील म्हणून.

त्याचा परवा फोन आला होता. एका शाळेच्या दोन दिवसांच्या क्रीडा स्पर्धा मिळाल्यात, पैसे ठरलेत, संध्याकाळी हॉलमधे कबड्डी आहे आणि त्याच्या लेन्सला त्या उजेडात काही दिसत नाही. भाड्याने घेतली तर निम्मे पैसे त्यातच जातात. म्हटलं, येऊन घेऊन जा.

तर लेन्स सध्या हडपसरला आहे. कपाटातली रिकामी जागा बायकोच्या लक्षात आलीये. तिला वाटतंय मी विकली, आणि ती फार खूष आहे. किती आले हे अजून विचारलेलं नाही.